चाकावरचे घर आणि गावाचे पाणी

प्रवासात मुक्काम करावयाचा तो लॉजमध्ये किंवा नातेवाइकाच्या घरी, ही मराठी मध्यमवर्गाची जुनी समजूत गेल्या काही वर्षांत मोडीत निघाली आहे. करोनाच्या टाळेबंदीनंतर बाहेर पडलेल्या अनेकांना अनोळखी खोली नकोशी वाटू लागली. त्याच सुमारास मागे गादी, शेगडी आणि पाण्याची टाकी बसविलेल्या गाड्या घाटरस्त्यांवर दिसू लागल्या. कोणी टेम्पो ट्रॅव्हलरचे घर केले, कोणी जीपच्या टपावर तंबू चढविला, तर कोणी भाड्याची कॅराव्हॅन घेऊन कुटुंबासह निघाले. पुणे-बंगळूर महामार्गावर खंबाटकी घाट ओलांडला की या गाड्यांच्या वाटा फुटतात. काही वाईमार्गे पाचगणी-महाबळेश्वरकडे वळतात, काही साताऱ्याहून कास-बामणोलीकडे, काही कराडहून कोयनानगरकडे, तर काही पेठ नाक्यावरून शिराळामार्गे चांदोलीकडे. दिवसा या गाड्यांचे कौतुक होते. रात्री त्या कोठे थांबतात आणि सकाळी निघताना मागे काय ठेवून जातात, या प्रश्नाची चर्चा मात्र अद्याप गावच्या पारावरच होते. ती शासनाच्या टेबलावर यावयास हवी.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले. डोंगराळ भाग, गडकिल्ले, अभयारण्यांचा परिसर, धरणांचे काठ अशा ठिकाणी पक्क्या बांधकामावर मर्यादा असतात. तेथे पर्यटकांना निवासाची सोय कशी द्यावयाची, या अडचणीवर चाकावरचे घर हा तोडगा धोरणकर्त्यांनी स्वीकारला. त्याच वर्षी केरळनेही असे धोरण जाहीर केले. तोडगा तर्काला धरून आहे. हॉटेल एकदा उभे राहिले की ते पन्नास वर्षे हलत नाही; गाडी दुसऱ्या दिवशी निघून जाते. पण गाडी निघून जाते म्हणजे तिचा मुक्कामही पुसला जातो, असे नाही. तो पुसला जावा यासाठी गाडीत काही गोष्टी असाव्या लागतात आणि वाटेवर काही सोयी असाव्या लागतात. घोडे पेंड खाते ते नेमके येथे.

सडा, तलाव आणि अभयारण्य

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न अधिक तीव्र का आहे, हे समजण्यासाठी नकाशाकडे पाहणे पुरेसे आहे. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत महाराष्ट्रातील चार स्थळे आहेत: कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य. यांपैकी राधानगरी वगळता तिन्ही स्थळे सातारा जिल्ह्यात किंवा सातारा-सांगलीच्या डोंगरभागाला जोडून आहेत. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. महाबळेश्वर-पाचगणी परिसर तर जानेवारी २००१ पासूनच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. थोडक्यात, पर्यटकाला जेथे रात्र काढावीशी वाटते, तीच जागा कायद्याने आणि निसर्गाने सर्वांत नाजूक ठरविली आहे.

कासचा सडा हे याचे उत्तम उदाहरण. जांभ्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर आणि त्यावर पावसाळ्यानंतर काही आठवड्यांपुरता फुलणारा वनस्पतींचा संसार, अशी त्याची रचना आहे. अशा जमिनीवर जड गाडीचे चाक एकदा फिरले की उमटलेली चाकोरी हंगाम उलटला तरी बुजत नाही. त्या चाकोरीत पाणी वाहू लागते आणि पाण्याबरोबर माती जाते. फुलांच्या हंगामात दररोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालण्याची वेळ येथे आली, ती यामुळेच. पठाराला लागून असलेल्या कास तलावातून सातारा शहराला पिण्याचे पाणी मिळते. तलावाच्या पाणलोटात कोणी रात्रीतून सांडपाण्याची टाकी रिकामी केली, तर ते पाणी अखेर कोणाच्या माठात जाणार, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही.

बामणोली-तापोळ्याकडील शिवसागर जलाशयाची गोष्ट थोडी निराळी आहे. कोयना धरणाची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी. उन्हाळ्यात पाणी मागे हटते आणि जलाशयाचा तळ उघडा पडतो. ही गाळाची सपाट जमीन पाहून गाडी थेट पाण्यापर्यंत नेण्याचा मोह अनेकांना होतो. तेथे पेटविलेली शेकोटी, टाकलेल्या बाटल्या आणि दगडाआड केलेले विधी पुढच्या पावसाळ्यात पाण्याखाली जातात. दिसेनासे होणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. याच जलाशयाच्या पलीकडे वासोटा आहे. तेथे जाणाऱ्यांच्या पिशव्यांतील प्लास्टिकची नोंद वनविभाग ठेवतो आणि किल्ल्यावर मुक्कामाला परवानगी देत नाही. अलीकडच्या काठावर मात्र अशी शिस्त आढळत नाही.

स्वयंपूर्ण गाडी म्हणजे काय?

मागे गादी टाकली म्हणजे कॅम्पर व्हॅन झाली, अशी एक समजूत आहे. तिने बराच घोटाळा केला आहे. ज्या गाडीत झोपता येते ती गाडी वेगळी आणि जी गाडी आपल्या प्रवाशांची घाण आपल्या पोटात ठेवते ती वेगळी. दुसरीलाच स्वयंपूर्ण म्हणता येईल. न्यूझीलंडचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. २०११ मध्ये रग्बी विश्वचषकासाठी जगभरातून पाहुणे येणार म्हणून त्या देशाने मोकळ्या जागेवरील मुक्कामाचा कायदा केला. स्वयंपूर्ण गाडीसाठी तेथे आधीपासून एक मानक होते. प्रत्येक प्रवाशामागे दररोज किमान चार लिटर याप्रमाणे तीन दिवसांचे, म्हणजे बारा लिटर, स्वच्छ पाणी. तेवढेच सांडपाणी साठविणारी बंद टाकी. दरडोई दररोज एक लिटर याप्रमाणे तीन दिवस पुरेल असे शौचपात्र. आणि झाकणाची कचरापेटी. दोन माणसांच्या गाडीला चोवीस लिटर पाणी, चोवीस लिटरची सांडपाण्याची टाकी आणि सहा लिटरचे शौचपात्र एवढे पुरते. ही काही चैनीची यादी नव्हे.

तरीही तेथे तक्रारी थांबल्या नाहीत. कारण साधे होते. शौचपात्र प्रमाणपत्रापुरते गाडीत असे आणि बिछाना पसरला की ते बाहेर काढण्यास जागाच उरत नसे. म्हणून २०२३ मध्ये कायदा बदलण्यात आला आणि स्थानिक संस्थांच्या जागेवर मुक्काम करणाऱ्या गाडीत कायमचे बसविलेले शौचालय आवश्यक करण्यात आले. यातून घ्यावयाचा बोध असा की, सोय कागदावर असणे आणि ती मध्यरात्री पावसात वापरता येणे यांत फार अंतर आहे. नियम करताना हे अंतर मोजावे लागते.

भारतात खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा मोटार वाहनांच्या वर्गीकरणातील स्वतंत्र प्रकार आहे आणि अशा वाहनांसाठी एआयएस-१२४ हे मानकही आहे. पण रस्त्यावर दिसणाऱ्या अनेक गाड्या हौशी मालकांनी गॅरेजमध्ये बदलून घेतलेल्या असतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करता येत नाही. अपघात झाल्यास विमा कंपनी प्रथम हेच तपासते. शिवाय घरगुती सिलिंडर गाडीत ठेवून काचा बंद करून स्वयंपाक करणे किंवा थंडीत शेगडी पेटती ठेवून झोपणे म्हणजे विषारी वायूला आमंत्रण. महाबळेश्वरच्या डिसेंबरातील थंडीत हा धोका काल्पनिक राहत नाही. रात्रभर हवा खेळती राहण्याची सोय हा स्वयंपूर्णतेचाच भाग मानला पाहिजे.

'गुड मॉर्निंग' कोणाला म्हणावयाचे?

या प्रश्नाला एक सामाजिक बाजूही आहे आणि ती येथील ग्रामस्थांच्या मनाला अधिक लागते. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्याचे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २००० मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गावोगावी रस्ते झाडले गेले, शोषखड्डे खणले गेले, घरोघरी शौचालये उभी राहिली. पुढे उघड्यावर जाणाऱ्यांना पहाटे गाठून गुलाबाचे फूल देणारी किंवा दंड करणारी 'गुड मॉर्निंग' पथके फिरू लागली. म्हाताऱ्याकोताऱ्यांना या वयात सवय बदलावी लागली आणि त्यांनी ती बदलली. आज त्याच गावाच्या तलावाकाठी शहरातून आलेली लाखो रुपयांची गाडी उभी राहते आणि पहाटे तिच्यातील मंडळी पाण्याची बाटली घेऊन झुडपाआड जातात. ग्रामस्थांनी हे मुकाट्याने पाहावे, अशी अपेक्षा कोणी करू नये.

पाण्याचा हिशेबही असाच आहे. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. मोठ्या कॅराव्हॅनची टाकी दीडशे लिटरची धरली, तर ती एकदा भरणे म्हणजे जवळजवळ तीन माणसांचे दिवसाचे पाणी घेणे होय. कोयनेकाठी हे कदाचित खपून जाईल. पण माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत, जेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे सार्वजनिक नळावर पाइप लावून टाकी भरणारा प्रवासी गावाचा पाहुणा ठरत नाही. पाणी हवे असल्यास ते मोल देऊन, ठरलेल्या ठिकाणाहून आणि गावाला परवडेल तेवढेच घ्यावे, हा साधा शिष्टाचार आहे.

तिसरी बाब सुरक्षिततेची. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर आणि मिरगाव येथे दरडी कोसळून घरे गाडली गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगली शहर आणि नदीकाठची गावे वेढली. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्यांना ज्या डोंगराचा आणि नदीचा अंदाज आला नाही, त्यांच्या पायथ्याशी पावसाळ्यात मोबाइलवरील नकाशा पाहून गाडी लावणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. कराड, पाटण, शिराळा, वाळवा या पट्ट्यात बिबट्या आता उसाच्या फडात वावरतो. रात्री बाहेर टाकलेल्या उरल्यासुरल्या अन्नावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. पर्यटक सकाळी निघून जातो. त्या वाटेने शाळेला जाणारे मूल गावातलेच असते.

पाणी घ्यावयाचे कोठे, टाकी रिती करावयाची कोठे?

केवळ पर्यटकाला दोष देऊन भागणार नाही. जबाबदार प्रवाशाचीही येथे पंचाईत होते. टाकीत तीन दिवसांचे सांडपाणी साठविले, शौचपात्र भरले. आता ते रिते करावयाचे कोठे? पेट्रोल पंपावरच्या शौचालयात ते ओतू दिले जात नाही आणि ओतणे योग्यही नाही. दुर्गंधी थांबविण्यासाठी शौचपात्रात घातलेली काही रसायने लहान सेप्टिक टँकमधील जिवाणूंना मारक ठरतात. सोय नसली की कायदा पाळणारा माणूसही अंधाराचा आश्रय घेतो. कॅराव्हॅन पार्क उभे राहिले तरी प्रत्येक गाडी रोज पार्कमध्ये उतरणार नाही. तेव्हा गाडी रिती करण्याचे ठिकाण ही या साखळीतील मुख्य कडी आहे.

ही कडी जोडण्यासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. उत्तर सातारा जिल्ह्यातच आहे. वाई नगरपालिकेने २०१८ मध्ये शहरातील सेप्टिक टँक ठरलेल्या वेळापत्रकानुसार दर तीन वर्षांनी उपसण्याची पद्धत सुरू केली. तक्रार येईपर्यंत थांबावयाचे नाही, पाळी आली की टँकर दारात, असा तिचा शिरस्ता. उपसलेल्या मैलागाळावर प्रक्रिया करणारा प्रकल्पही वाईने उभारला. देशात या पद्धतीचा अवलंब करणाऱ्या अगदी पहिल्या शहरांत वाईची गणना होते. महाबळेश्वर-पाचगणीच्या पायथ्याशी, महामार्गापासून थोड्या अंतरावर असलेल्या अशा गावी कॅराव्हॅनसाठी एक उतरणी, एक नळ आणि एक नोंदवही ठेवणे अवघड नाही. दिवसाला दहा गाड्या आल्या तरी त्यांचा मैला एका टँकरच्या तुलनेत किरकोळ असेल. साताऱ्यातील आणि सांगली-मिरजेतील मैलापाणी व्यवस्थेलाही अशीच जोड देता येईल. सोय पुरविल्यानंतर मात्र नियम मोडणाऱ्याला दंड करताना प्रशासनाने मागेपुढे पाहू नये.

मुक्कामाच्या जागांबाबतही असाच विचार करता येईल. ऊस हे सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांचे अर्थकारण. गाळप हंगाम संपला की पावसाळा सरेपर्यंत साखर कारखान्यांची विस्तीर्ण वाहनतळे मोकळी असतात. तेथे पक्की जमीन आहे, वीज आहे, पाणी आहे, पहारा आहे. कासची फुले नेमकी याच काळात, सप्टेंबर-ऑक्टोबरात बहरतात. पठारालगत गाड्यांची गर्दी करण्याऐवजी खाली सपाटीवर मुक्काम आणि सकाळी पठाराची भेट, असा परिपाठ घालता येईल. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. याच आवारांच्या आसपास हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. बीडसारख्या जिल्ह्यांतून बैलगाडीत संसार घालून आलेल्या त्या कुटुंबांचेही घर चाकावरच असते. परंतु त्यांच्या बायकांना रात्री शौचालय असतेच असे नाही. चार महिन्यांच्या पर्यटकांसाठी न्हाणीघर बांधावयाचे आणि सहा महिन्यांच्या मजुरांना त्याला कुलूप दाखवावयाचे, हे नीतीला धरून होणार नाही. सोय बांधावयाची तर ती दोघांसाठी बांधावी. वर्षभर वापर झाला तर तिचा खर्चही निघेल आणि देखभालही टिकेल.

शेतकऱ्याच्या वस्तीवरचा मुक्काम हा आणखी एक मार्ग. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. ज्याच्याकडे चार गाड्या उभ्या राहतील एवढे खळे आहे, विहीर आहे आणि शौचालय आहे, अशा शेतकऱ्याला नवे बांधकाम न करता पाहुणा मिळू शकतो. बामणोली-तापोळा भागात तर याला न्यायाचाही अर्थ आहे. कोयना धरणात ज्यांच्या सुपीक जमिनी बुडाल्या, त्या गावांच्या वाट्याला लाँचने प्रवास आणि उतारावरची नाचणी-वरी उरली. राज्याला वीज मिळाली आणि पर्यटकांना जलाशयाचे दृश्य. या दृश्याचे मोल त्यांच्या हाती पडत असेल, तरच ते त्याची राखण करतील. कासवर भोवतालच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांनी प्रवेशशुल्क घेऊन स्वच्छतेची आणि राखणीची जबाबदारी उचलली, हा अनुभव समोर आहे. महाबळेश्वर आणि पाचगणीच्या नगरपालिका नाक्यावर प्रवासी कर घेतात. ग्रामपंचायतींच्या कायद्यातही यात्राकराची तरतूद आहे. मुक्कामाच्या शुल्कातील ठरावीक वाटा गावाच्या पाणी आणि स्वच्छता खात्यात जमा झाला पाहिजे.

वेळ थोडा आहे

सातारा जिल्ह्यातील २३५ गावांसाठी 'नवीन महाबळेश्वर' प्रकल्पाचा विकास आराखडा पुढे आला आहे. दुसरीकडे केंद्राने जुलै २०२४ मध्ये पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्राची प्रारूप अधिसूचना पुन्हा प्रसिद्ध केली आणि तीत महाराष्ट्रातील १७ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्र आहे. एका बाजूने बांधकामाचा रेटा आणि दुसऱ्या बाजूने बंदीची टांगती तलवार, यांच्या मध्ये डोंगरातील गावे उभी आहेत. बांधकामाविना उत्पन्न देणारा मार्ग त्यांना हवा आहे आणि स्वयंपूर्ण कॅराव्हॅन तो काही प्रमाणात देऊ शकते. मात्र पहिल्या दोन-तीन हंगामांत तलावांचे काठ घाण झाले, तर गावे रस्त्यावर आडवी काठी घालतील आणि त्यांचे चुकणार नाही. बेजबाबदार दहा गाड्यांमुळे जबाबदार शंभरांची वाट बंद होईल.

मुक्काम हलविताना जागा होती तशी ठेवावी, ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरास्नानानंतर सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करते. प्रत्येक दिंडीच्या ट्रकमध्ये राहुट्या, भांडी, शिधा असतो, बरोबर पाण्याचा टँकर असतो. आपला संसार आपल्याबरोबर घेऊन निघालेला इतका मोठा समुदाय जगात क्वचितच आढळेल. तरीही शौचाच्या सोयीअभावी तळामागे राहणारी घाण हे वारीचे दुखणे होते. गेल्या दशकात 'निर्मल वारी' उपक्रमातून तळांवर शेकडो फिरती शौचालये उभी राहू लागली, स्वयंसेवक राबले आणि चित्र पालटू लागले. सोय आणि शिस्त एकाच वेळी आली म्हणून ते घडले. लाखोंच्या वारीला जे जमू लागले, ते काही शेकडा गाड्यांना जमत नाही, असे म्हणता येणार नाही. त्यासाठी पर्यटन संचालनालय, परिवहन विभाग, वनविभाग आणि दोन जिल्हा परिषदा यांनी एकत्र बसून गाडीचे प्रमाणपत्र, मुक्कामाच्या जागा, टाकी रिती करण्याची ठिकाणे आणि गावाचा वाटा या चार गोष्टी येत्या फुलांच्या हंगामापूर्वी ठरविल्या पाहिजेत.